आर्थिक स्वातंत्र्य वाढलं की बँका खरंच सुधारतात का?

खातेउतारा

दुसऱ्या एका धाग्यावर विषय भरकटत चालला होता म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे एकांनी ठोकून दिलं की ज्या देशात सरकारची लुडबुड कमी, तिथल्या बँका आपोआप कार्यक्षम. दुसऱ्यांनी लगेच २००८ च्या जागतिक आर्थिक संकटाचं नाव काढलं आणि मग नेहमीची जुंपली.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आर्थिक स्वातंत्र्याचा बँकांच्या कार्यक्षमतेशी संबंध आहे आणि तो चांगला घट्ट आहे. पण ‘आर्थिक स्वातंत्र्य’ या एका आकड्यात जे काय काय कोंबलेलं असतं, त्यातल्या तीनच गोष्टी बँकांच्या खऱ्या कामाच्या. कोर्टं चालतात का, नव्या बँकेला दार उघडं आहे का, आणि बुडणाऱ्या बँकेला बुडू देतात का. बाकीचं बरंचसं नुसतं गुणपत्रिकेची बेरीज वाढवायला.

आता आकडे येतात कुठून ते. अमेरिकेतल्या हेरिटेज फाउंडेशन या संस्थेचा निर्देशांक १९९५ पासून निघतो. ० ते १०० गुण, घटक १२: मालमत्तेचे हक्क, न्यायव्यवस्था, करांचा बोजा, सरकारी खर्च, व्यापार, कामगार कायदे वगैरे, आणि त्यातच एक ‘वित्तीय स्वातंत्र्य’. कॅनडातल्या फ्रेझर इन्स्टिट्यूटचा निर्देशांक ० ते १० मध्ये असतो आणि त्याचे पाच भाग असतात.

बँकेची कार्यक्षमता मोजायच्या दोन तऱ्हा. सोपी तऱ्हा म्हणजे गुणोत्तरं: शंभर कमवायला किती खर्च केला, ठेवीवर दिलेलं व्याज आणि कर्जावर घेतलेलं व्याज यात अंतर किती. दुसरी जरा किचकट. सगळ्या बँकांची आकडेवारी एकत्र घ्यायची. प्रत्येकीने काय ओतलं (माणसं, ठेवी, इमारती आणि यंत्रणा) आणि त्यातून काय काढलं (कर्जं, गुंतवणुकी). कमीत कमी ओतून जास्तीत जास्त काढणाऱ्या बँकांची मिळून एक सीमारेषा तयार होते. रेषेवरच्या बँकेला १ गुण. एखादीला ०.७ मिळाला तर अर्थ असा की तेवढंच काम तिने ७० टक्के साधनांत उरकायला हवं होतं. कल्पना अर्थतज्ज्ञ फॅरेलची, १९५७ ची. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये तिला आज वापरात असलेलं गणिती रूप दिलं.

हे दोन्ही जोडून पाहणारा एक अभ्यास बऱ्याचदा पुढे केला जातो. कॉर्टारियास, जिरार्दोने आणि व्हेंतूरी, २०१३. युरोपीय संघातले २७ देश, २००० च्या दशकातल्या व्यापारी बँका. वित्तीय स्वातंत्र्य जास्त तिथे बँकांची कार्यक्षमता जास्त, असं त्यांना दिसलं. मला त्यातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते: जिथे कारभार चांगला आणि राजकीय मोकळीकही जास्त, तिथे हा परिणाम आणखी ठळक होता. म्हणजे नुसती वित्तीय मोकळीक एकटी फार लांब जात नाही.

बोला आता.

बिनव्याजी

धागा चांगला आहे, पण माझं पहिल्याच पायरीवर अडतंय.

हेरिटेजवाले वित्तीय स्वातंत्र्याचे गुण देताना पाच गोष्टी बघतात. सरकारी नियमन किती, बँकांत सरकारी मालकी किती, कर्ज कुणाला द्यायचं यात सरकारचा हात किती, परदेशी बँकांना वाव किती, आणि वित्तीय बाजार किती विकसित. शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. बाजार विकसित असला की गुण जास्त. मग आपण शोध लावणार की गुण जास्त तिथे बँका चांगल्या! उत्तर आधीच प्रश्नात घालून ठेवलंय. शिवाय हे गुण दहा-दहाच्या टप्प्यांनी, माणसांनी बसून ठरवलेले. अशा याद्यांवर माझा फार विश्वास नाही. जागतिक बँकेची ‘डुइंग बिझनेस’ क्रमवारी आठवा, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं ते सांगणारी. तिच्या २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या आकड्यांत गडबड सापडली आणि २०२१ मध्ये ती बंदच करावी लागली.

आणि गुणोत्तरांचं म्हणाल तर चीनच्या मोठ्या सरकारी बँका बघा. त्यांचं खर्च-उत्पन्न गुणोत्तर अनेक वर्षं ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली राहिलं. युरोपातल्या भल्या भल्या बँकांचं ६० च्या घरात. आर्थिक स्वातंत्र्यात मात्र चीन कायम तळाकडे. मग सगळ्यात कार्यक्षम कोण, सांगा बघू.

मधलीसुट्टी

वाचतेय. बिनव्याजींचा शेवटचा मुद्दा बिनतोड वाटला. खातेउतारा, उत्तर द्या.

खातेउतारा

देतो की. चीनमध्ये ऑक्टोबर २०१५ पर्यंत ठेवींवरच्या व्याजाला सरकारी कमाल मर्यादा होती आणि जुलै २०१३ पर्यंत कर्जाच्या व्याजाला किमान मर्यादा. स्वस्तात घ्यायचं आणि ठरलेल्या भावाच्या खाली विकायचं नाही. मधलं अंतर सरकारने बांधून दिलेलं. वर कर्ज घेणारे बहुतेक मोठे सरकारी उद्योग, म्हणजे एका सहीत प्रचंड रक्कम सुटते आणि माणसं फारशी लागत नाहीत. अशा ठिकाणी खर्च-उत्पन्न गुणोत्तर कमी येणारच. त्यातला ‘उत्पन्न’ हा भाग ठेवीदाराच्या खिशातून आलेला आहे.

आणि त्या कर्जांचं पुढे काय झालं? १९९९ मध्ये चार खास कंपन्या काढून चार मोठ्या बँकांची जवळपास १.४ लाख कोटी युआनची बुडीत कर्जं त्यांच्या गळ्यात मारली. पुस्तकी किमतीला, म्हणजे वहीत लिहिलेल्या पूर्ण रकमेला! त्या वर्षीच्या गुणोत्तरात हे कुठे दिसणार?

निर्देशांकात बाजाराचा विकास धरलाय आणि त्यामुळे गोलगोल फिरल्यासारखं होतं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी एका बेरजेवर बोलत नाहीये, घटक सुटे करून बोलतोय.

जुना_वसुलीवाला

मी आयुष्यभर कर्ज आणि वसुलीच्या टेबलावर बसलेला माणूस. सीमारेषा वगैरे तुमचं चालू द्या. कोर्टांचा मुद्दा मात्र मला टेबलावरून दिसतो तसा सांगतो, कारण पुस्तकांत तो ‘मालमत्तेचे हक्क’ अशा दोन शब्दांत आटोपतात.

कर्जाचा प्रस्ताव येतो तेव्हा व्याजदर ठरवताना मनात एक हिशोब चालू असतो: बुडालं तर हाताला किती लागेल आणि कधी. समजा १०० चं कर्ज आहे, चलन कुठलंही धरा. तारण विकून ८० येतील. पैशाची किंमत वर्षाला १० टक्के. कोर्टाने एका वर्षात तारण विकू दिलं तर त्या ८० ची आजची किंमत साधारण ७३. सात वर्षं लागली तर ४१. तारण तेच, कर्जदार तोच, बँकेतला माणूसही तोच. फरक फक्त तारखांचा.

आता शंभर कर्जदारांतले पाच बुडाले असं धरा. पहिल्या ठिकाणी प्रत्येकामागे २७ गेले, दुसऱ्या ठिकाणी ५९. ही खोट भरून काढायची कुणी? उरलेल्या ९५ प्रामाणिक लोकांनी. पहिल्या देशात त्यांच्या व्याजात सुमारे १.४ टक्के चढतात, दुसऱ्यात ३.१. वकिलांची फी, तारणाची राखण, फायली सांभाळणारी माणसं हे यात धरलेलंच नाही. सात वर्षं पडून राहिलेल्या गोदामाची किंमतही ८० राहत नाही हो, पत्रेसुद्धा चोरीला जातात.

मग कुणी संशोधक येऊन दोन्ही बँकांना रेषेवर मोजतो आणि म्हणतो, दुसऱ्या देशातली बँक अकार्यक्षम. बँक काय करणार त्यात? तिने माणसं वसुलीला लावली म्हणून कर्मचारी जास्त. जास्त तारण मागितलं म्हणून कर्जं कमी. तिच्या जागी बसून बघा, तुम्हीही तेच कराल.

निळीशाई

वसुलीवाले काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

मी दार उघडं असण्याबद्दल लिहिते. अमेरिकेत १९३३ च्या कायद्यानंतर ठेवींवर किती व्याज द्यायचं याला सरकारी मर्यादा आली, ‘रेग्युलेशन क्यू’ म्हणून प्रसिद्ध आहे. हेतू चांगला होता: बँकांनी चढाओढीने व्याज देऊन स्वतःला खड्ड्यात घालू नये. झालं काय, तर व्याज वाढवता येत नाही म्हणून बँका खातं उघडणाऱ्याला टोस्टर आणि भांड्यांचे संच भेट द्यायला लागल्या. हे खरंच घडलंय, थट्टा नाही. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर शाखा, कारण व्याजावर स्पर्धा करता येत नसेल तर निदान ग्राहकाच्या जास्त जवळ तरी बसू. म्हणजे स्पर्धा काही थांबली नाही, ती खर्चाच्या रूपात बाहेर पडली. बाजारात व्याजदर चढले तसे लोक १९७० च्या दशकात नव्याने निघालेल्या मनी मार्केट फंडांकडे (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसा घालून बाजारदराने परतावा देणारे फंड) वळले. शेवटी १९८० च्या कायद्याने ही मर्यादा टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं आणि १९८६ पर्यंत बचत ठेवींवरची मर्यादा गेली.

दुसरी गोष्टही तिथलीच. कित्येक राज्यांत बँकेला जास्त शाखा काढायला बंदी होती, काही ठिकाणी तर एकच शाखा. १९७० च्या दशकापासून एकेक राज्याने ही बंदी उठवली आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायद्याने राज्यांच्या सीमाही खुल्या झाल्या. राज्यं वेगवेगळ्या वर्षी खुली झाली, त्यामुळे तुलना करायला आयती सोय. जयरत्ने आणि स्ट्राहन यांनी ती केली. बंदी उठल्यावर बँकांचा चालू खर्च घटला, बुडीत कर्जं घटली, आणि वाचलेल्या पैशातला बराच भाग कमी व्याजाच्या रूपाने कर्जदारांपर्यंत पोचला. कारणही सरळ होतं. चांगल्या चालणाऱ्या बँकांना पसरायची मुभा मिळाली आणि रेंगाळणाऱ्या मागे पडल्या. आपल्या गावात आपणच राजे असलेल्या बँकेला सुधारायची घाई कशाला असेल? अर्थतज्ज्ञ हिक्सने १९३५ मध्येच लिहून ठेवलंय की मक्तेदारीचा सगळ्यात मोठा नफा म्हणजे निवांत आयुष्य.

आडवाट

+१. टोस्टर!! 😄

अवांतर: बँकेने भेट दिलेल्या टोस्टरवर हमी कुणाची?

संपादक मंडळ

एका देशाच्या पक्षीय राजकारणावरचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

बिनव्याजी

निळीशाई, उदाहरण अर्ध्यावर सोडलंत. त्याच अमेरिकेत, त्याच वर्षांत, बचत आणि गृहकर्ज संस्थांचं काय झालं? १९८० मध्ये ठेव विम्याची मर्यादा ४०,००० डॉलरवरून १,००,००० केली. १९८२ मध्ये या संस्थांना घरकर्जाबाहेरही पैसा घालायची बरीच मोकळीक दिली. १९८६ ते १९९५ या काळात हजाराहून जास्त संस्था बुडाल्या आणि करदात्यांच्या डोक्यावर सुमारे १२४ अब्ज डॉलर बसले. स्वातंत्र्य मिळालं होतं ना?

आइसलँड घ्या. बँकांचं खासगीकरण २००३ पर्यंत आटोपलं. निर्देशांकात देश छान वरच्या रांगेत. ऑक्टोबर २००८ मध्ये तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या तेव्हा बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाला होता.

आणि यात मोजमापाचीच मोठी गोची आहे. बर्जर आणि डीयंग यांनी १९९७ मध्ये दाखवलं की काही बँका कार्यक्षम दिसतात त्या कर्ज तपासायचा खर्च वाचवतात म्हणून. कागद कमी तपासले, तारण बघायला माणूस पाठवला नाही, कर्ज दिल्यावर विचारपूस केली नाही. खर्च आज घटतो, बुडीत कर्ज तीन-चार वर्षांनी उगवतं. तेव्हा मोकळीक दिल्यावर पहिल्या दोन वर्षांत ‘कार्यक्षमता वाढली’ म्हणून नाचणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

जुना_वसुलीवाला

शेवटच्या परिच्छेदाखाली माझी सही घ्या. ज्या वर्षी ‘झटपट मंजुरी’चं बक्षीस कर्ज विभागाला मिळतं, त्यानंतर थोड्याच काळात आमच्या विभागात नवीन कपाटं येतात.

खातेउतारा

बिनव्याजी, तुमची दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत, आणि ती माझ्या तिसऱ्या मुद्द्याची, म्हणजे बुडणाऱ्याला बुडू देण्याची, आहेत. त्या गृहकर्ज संस्थांना कमवायचं स्वातंत्र्य वाढवून मिळालं आणि त्याच वेळी बुडण्याची जबाबदारी कमी करून मिळाली. ठेवीदाराला काळजी नाही, कारण विमा आहे. मालकाला काळजी नाही, कारण त्याचं स्वतःचं भांडवल आधीच संपलंय. जिंकलो तर माझं, हरलो तर सरकारचं. याला मी मुक्त बाजार म्हणणार नाही. कुठलाही निर्देशांक म्हणाला तरी.

चिली यात सगळ्यात बोलकं आहे. १९७४-७५ पासून व्याजदर मोकळे केले, सरकारी बँका विकल्या. विकत घेणारे मोठे उद्योगसमूह, तेही बऱ्याच अंशी उधारीवर. मग या बँकांनी आपल्याच समूहाच्या कंपन्यांना कर्जं वाटली. सरकार तोंडाने म्हणत होतं की आम्ही कुणाला वाचवणार नाही. पण १९७७ मध्ये ओसोर्नो नावाची बँक अडचणीत आली तेव्हा तिच्या ठेवीदारांना वाचवलंच. झालं! त्यानंतर कुणी कशाला ताळेबंद वाचेल? १९८२ मध्ये पेसो हे तिथलं चलन कोसळलं आणि जानेवारी १९८३ मध्ये, खुल्या बाजाराचं कट्टर समर्थक समजल्या जाणाऱ्या सरकारला मोठमोठ्या बँकांचा ताबा घ्यावा लागला. १९८६ च्या बँकिंग कायद्याने समूहातल्या समूहात कर्ज देण्याला लगाम घातला. त्यानंतरची चिलीची बँकव्यवस्था त्या खंडातल्या भक्कम व्यवस्थांत गणली जाते, आणि स्वातंत्र्याच्या यादीतही चिली वरच राहिला. मालकाला हवं त्याला कर्ज देऊ देणं आणि बँका मोकळ्या ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे त्या एकच समजल्या गेल्या.

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगतो. देमिर्गुच-कुंट, लेव्हेन आणि लेव्हाइन यांनी २००४ मध्ये ७२ देशांतल्या १४०० हून जास्त बँका तपासल्या. परवाने देण्यात हात आखडता, बँकेने काय करावं यावर बंधनं जास्त, तिथे व्याजातलं अंतर मोठं, म्हणजे बँकेची सेवा महाग. महागाईनेही तेच होतं. इथवर अपेक्षित. पण त्यांनी हिशोबात देशाचं एकूण आर्थिक स्वातंत्र्य किंवा मालमत्तेच्या हक्कांचं संरक्षण घातलं, आणि बँक-नियमांचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला! नियम हे देशाच्या एकूण वृत्तीचं लक्षण निघाले. जिथे मालमत्ता सुरक्षित नाही आणि नव्याला येऊ द्यायची इच्छा नाही, तिथेच बँकांवरही तसले नियम असतात. तेव्हा एखाद्या देशाने नुसता बँकिंग कायदा सुधारला आणि कोर्टं तशीच ठेवली, तर वसुलीवाल्यांच्या ४१ चे ७३ होणार नाहीत.

मधलीसुट्टी

एक बाळबोध प्रश्न. बँक कार्यक्षम झाली याचा सामान्य माणसाला फायदा होतोच का? माझ्यासारखीचं छोटं खातं म्हणजे बँकेच्या दृष्टीने खर्चच. कार्यक्षमता वाढवायची तर पहिली काट माझ्यावर.

निळीशाई

बाळबोध अजिबात नाही. परदेशी बँकांच्या बाबतीत नेमकं हेच तपासलं गेलंय. एका बाजूला, ८० देशांच्या अभ्यासात (क्लासेन्स, देमिर्गुच-कुंट, हुइझिंगा, २००१) परदेशी बँका आल्यावर देशी बँकांचा नफा आणि खर्च दोन्ही घटले. कार्यक्षमता वाढली म्हणा. दुसऱ्या बाजूला, नाणेनिधीतल्या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये गरीब देश पाहिले तर परदेशी बँकांचा वाटा जास्त तिथे खासगी क्षेत्राला मिळणारं कर्ज कमी. या बँका मोठ्या, कागदपत्रं चोख असलेल्या गिऱ्हाइकांना उचलतात. छोट्याचा धंदा कागदावर दिसत नाही. तो ओळखीने, वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून कळतो. चांगली गिऱ्हाइकं निघून गेली की देशी बँकेकडे महागडी उरतात.

म्हणजे रेषेवर १ गुण आणि दाराबाहेर रांग, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

बिनव्याजी

खातेउतारा, एक शेवटची काडी टाकतो. कॅनडा. सहा बँकांच्या हातात जवळजवळ सगळा बाजार, नवी बँक क्वचित. तुमचं ‘दार उघडं’ कुठे गेलं? तरी २००८ मध्ये तिथली एकही बँक बुडाली नाही.

खातेउतारा

काडी चांगली आहे. पण कॅनडाला पहिल्यापासून देशभर शाखा काढायची मोकळीक होती, अमेरिकेला नव्हती. १९३० ते १९३३ मध्ये अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या, बहुतेक छोट्या, एकाच गावावर विसंबलेल्या. कॅनडात एकही नाही. १९२३ च्या होम बँकेनंतर थेट १९८५ पर्यंत तिथे बँक बुडालेली नाही. बँकांची संख्या किती यापेक्षा त्यांना कुठे पाय ठेवायला मनाई आहे हे बघा. वरच्या ७२ देशांच्या अभ्यासातही नियम आणि महागाई हिशोबात घेतल्यावर ‘बँका थोड्या म्हणून सेवा महाग’ हा संबंध टिकला नाही.

पण फी कमी करायला कॅनडातल्या बँकांना कुणी भाग पाडत नाही, ही तक्रार तिथलेच लोक करतात आणि मला ती पटते.

जुना_वसुलीवाला

‘बुडू देणं’ हे खरंच कुणी करून पाहिलंय का? आमच्या अनुभवात वेळ आली की सगळेच कच खातात.

खातेउतारा

काका, न्यूझीलंडने पाहिलं. १९९६ पासून तिथे सरकारी तपासनीसांपेक्षा भर जाहीर माहितीवर. बँकेने ठरावीक काळाने आपली स्थिती छापायची, संचालकांनी खाली सह्या करायच्या, खोटं निघालं तर ते जातीने जबाबदार. ठेवींना कायमचा विमा नव्हता. २००८ मध्ये मात्र तिथेही तात्पुरती हमी द्यावी लागली आणि तिच्यापोटी काही वित्त कंपन्यांच्या ठेवीदारांना सरकारने पैसे भरले, म्हणजे तुम्ही म्हणता ते कच खाणं तिथेही झालंच. आता १ जुलै २०२५ पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक संस्थेत १,००,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंतची कायमची हमी आहे.

मोठ्या चारही बँका ऑस्ट्रेलियन मालकीच्या, त्यामुळे त्यांच्या वागण्यात फार फरक पडेल असं वाटत नाही. छोट्या संस्थांचे ठेवदर बघायचे. हमी असल्यावर जोखमीच्या संस्थेलाही ठेवीदार स्वस्तात पैसे द्यायला लागले, तर दोन-तीन वर्षांत त्यांच्या ताळेबंदात दिसेल. आकडे आले की इथेच टाकतो.